चंदेरी कमानीवरचा ठिपका

१

दार उघडलं तेव्हा रंग अजून ओला होता.

मुंबईतल्या चारकोपच्या त्या बैठ्या घरांच्या गल्लीत, दीप्ती घाडीगावकरच्या दारावर, कडीच्या अगदी शेजारी कुणीतरी नारिंगी ठिपका काढला होता. बांगडीएवढा, गोल, नीट रंगवलेला. खाली एक ओघळ उतरत होता. रंग ओला, म्हणजे काढणारा फार लांब गेलेला नव्हता. दीप्तीने पायरीवरची दुधाची पिशवी उचललीच नाही. तिने दार लावलं, वरची आणि खालची कडी घातली आणि शुभा पाठारे यांना फोन केला.

शुभाबाई तिच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. निवृत्त झाल्या तरी रविवारी आजूबाजूच्या मुलांना घरी जमवून चित्रं काढायला शिकवायच्या. आई गेल्यापासून दीप्ती काही झालं की आधी त्यांनाच सांगायची. वडील, धाकू घाडीगावकर, सकाळच्या पाळीला छापखान्यात गेले होते.

बाई आल्या. ठिपका पाहून त्या क्षणभर थांबल्या. त्यांनी दीप्तीला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

निहारा नावाची मोबाइल कंपनी नवा फोन आणणार होती. समारंभाची छापील आमंत्रणं पत्रकारांना जायची होती आणि त्यांचं चित्र दीप्तीने काढलं होतं. निळ्याशार कार्डावर एकच चंदेरी कमान. बाकी काही नाही. खाली तारीख आणि जागा, वरच्या कोपऱ्यात कंपनीचं छोटं चिन्ह. एवढ्या मोठ्या कंपनीचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. कार्डं छापली गेली तिचे वडील कामाला होते त्याच छापखान्यात, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या दळवींकडे.

पण आमंत्रणं पोहोचायच्या आधीच कार्डाचा एक फोटो इंटरनेटवर आला. आणि त्या फोटोत कमानीच्या टोकावर एक नारिंगी ठिपका होता.

या कंपनीच्या आमंत्रणात नव्या फोनची खूण दडवलेली असते, असं तिच्या चाहत्यांचं पक्कं मत. हजारो पोरं त्या ठिपक्यावर तुटून पडली. कुणी म्हणालं, हे कॅमेऱ्याचं भिंग. कुणी म्हणालं, फोन दुमडणारा आहे आणि ठिपका म्हणजे बिजागरी. एकाने कमानीचा कोन मोजून फोनची किंमत काढली. कंपनी म्हणाली, आमच्या कार्डावर ठिपका नाहीच. आणि छापलेली सगळी कार्डं मोजून घेतली आहेत, एकही कमी नाही. म्हणजे फोटो बाहेर गेला तो चित्र काढणारीच्या कॉम्प्युटरवरून, आणि ठिपका तिनेच सही म्हणून टाकला. सोमवारी पोलिसांत तक्रार करणार होते. तोवर कुणीतरी तिचं नावही फोडलं होतं.

"बाई, मी तो ठिपका टाकलेला नाही," दीप्ती म्हणाली. "कुणाला पटत नाही. आता तर मलाच वाटायला लागलंय, झोपेत टाकला की काय."

बाईंनी तिचा हात धरला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. अनोळखी नंबरावरून एक फोटो आला होता. त्यात दीप्तीचं दार होतं, दारावरचा ठिपका होता, आणि दाराशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या शुभाबाई होत्या. खाली लिहिलं होतं: ही म्हातारी कोण? हिलाही माहीत आहे का?

२

बाईंनी गल्लीत जाऊन पाहिलं. दोन बायका नळावर होत्या, एक रिक्षा उभी होती. संशय घ्यावा असं कुणी नव्हतं, आणि त्यामुळेच सगळ्यांचाच संशय येत होता.

दीप्तीला आतून कडी लावायला सांगून त्या थेट छापखान्यात गेल्या. मालक श्यामकांत दळवी यांनी त्यांना खुर्ची दिली. पण ते स्वतः बसले नाहीत, पूर्ण वेळ भिंतीशी उभे राहून बोलत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कंपनीचा प्रीतम नावाचा माणूस दिवसभर मशीनजवळ बसून होता. सगळ्यांचे फोन त्याने काढून घेतले होते. तयार कार्डं त्याने स्वतः मोजली आणि खराब निघालेली डोळ्यांसमोर बारीक करून घेतली. संध्याकाळी पेट्या सील करून, फोन परत देऊन तो गेला. एक कार्डही मागे ठेवणार नाही, असं दळवींनी त्याला लिहून दिलं होतं.

"मुलगी गुणी आहे, बाई," दळवी म्हणाले. "पण मोजणी चोख होती. मग मी काय बोलणार?"

ते खिडकीकडे सरकले तेव्हा त्यांच्या मागचा देव्हारा दिसला. लहानसा गणपती, ताजी जास्वंद, आणि कुठल्याशा दवाखान्याच्या उद्घाटनाची पत्रिका मूर्तीला टेकून उभी. दळवी लगेच परत जागेवर आले.

फॉइलचं मशीन मर्विन घोन्साल्विस चालवायचा. गोराईच्या जुन्या गावठाणातला, पन्नाशीचा, एरवी सगळ्यांची टिंगल करणारा माणूस. आज तो हात पुसत गप्प उभा होता. बाईंनी त्याला काम समजावून सांगायला सांगितलं. आधी निळा रंग छापतात, मग कटिंग, आणि चंदेरी कमान गरम ठशाने दाबतात ती सगळ्यात शेवटी, असं तो म्हणाला. त्यानंतर कार्डाला मशीन लागत नाही, नुसती पेटीत भरायची.

धाकू घाडीगावकर मोठ्या मशीनच्या पलीकडे होते. बाईंना पाहून ते चहा सांगायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत. चहा आला, धाकू आले नाहीत.

बाई निघाल्या. इस्टेटच्या फाटकापाशी मागून पावलं वाजली. मर्विन होता. त्याने एकदा वळून छापखान्याकडे पाहिलं.

"बाई, पोरीने नाही केलं," तो हळू आवाजात म्हणाला. "एवढंच सांगतो. कसं माहीत ते मला विचारू नका. मी बोललो ना, तर माझी वाट लागेल."

आणि तो जवळजवळ पळतच परत गेला.

३

मर्विनला काहीतरी ठाऊक होतं आणि तो घाबरला होता. दळवींनाही ठाऊक होतं. त्यांचा घाम पंख्याखालीही वाळत नव्हता. पण घाबरलेला माणूस नुसतं विचारून बोलत नाही, हे बाईंना मुलांमध्ये आयुष्य काढून कळलेलं होतं. त्याला आपण अर्धं सांगावं लागतं, मग तो उरलेलं सांगतो. त्या अर्ध्यासाठी त्या सौरभकडे गेल्या.

सौरभही त्यांचाच विद्यार्थी. नव्या फोनांबद्दल व्हिडिओ करायचा आणि त्याला हजारो लोक बघायचे. ठिपका म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग, हा शोध त्याचाच. बाईंना दारात पाहून त्याचा चेहरा उतरला.

"बाई, दारावरचं मी नाही केलं. आईशप्पथ. मी फक्त भिंग म्हणालो होतो. पुढे ते लोक कुठच्या कुठे गेले. आता मी म्हटलं ना, थांबा रे, तर मलाच म्हणतात तू कंपनीकडून पैसे खाल्लेस."

बाई त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हा फोटो पहिल्यांदा फिरला तेव्हा जसा होता तसा तुझ्याकडे आहे का? तो होता. चाहते अशा गोष्टी जपून ठेवतात. सगळीकडे फिरत होता तो उजळवलेला, कापलेला फोटो. त्यात ठिपका दिव्यासारखा पेटलेला दिसायचा. सौरभने मोठ्या पडद्यावर लावला तो अंधुक होता, जरा तिरपा.

वर्गात बाई मुलांकडून एक खेळ करून घ्यायच्या. दोन रंग एकमेकांवर आलेले दाखवायचे आणि विचारायचं, आधी कोणता लावला? मुलं आधी अंदाज ठोकायची. मग हळूहळू शिकायची की अंदाज करायचा नाही, कड बघायची. वर आहे तो नंतरचा.

त्यांनी सौरभला कड बघायला लावली.

"ठिपका चांदीच्या वर आहे," तो म्हणाला. मग पुन्हा वाकून पाहिलं. "आणि कड फुटलेली आहे बाई. छापल्यासारखी नाही. रवाळ."

"आणि हे लाल काय आहे, कोपऱ्यात?"

"ते? चार्जिंगची लाल केबल. त्यावर वेगळा व्हिडिओ आहे माझा."

बाईंनी त्या लाल कोपऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तुला चोरून आमंत्रणाचा फोटो काढायचा असता, तर त्यात काय काय घेतलं असतंस?"

"तारीख आणि जागा. त्याशिवाय काय मजा?" सौरभ बोलता बोलता थांबला. पडद्यावर कमान पूर्ण होती, मधोमध, ठिपक्यासकट. कार्डाचा खालचा भाग, जिथे तारीख होती, तो फोटोत आलेलाच नव्हता. इतक्या लोकांनी इतके दिवस हा फोटो पाहिला होता आणि त्यात काय नाही हे कुणीच पाहिलं नव्हतं.

त्याला काही बोलायचं होतं, पण हातातला फोन थरथरला आणि त्याने तिकडे पाहिलं.

"बाई, चाहत्यांच्या ग्रुपवर आलंय. दीप्तीला कुणीतरी आरे कॉलनीत बोलावलंय. खरा चोर सांगतो म्हणून. एकटी ये म्हणालेत. आणि ग्रुपवर सगळ्यांना सांगितलंय, कॅमेरे घेऊन या."

४

रिक्षेत बसल्यापासून बाई दीप्तीला फोन लावत होत्या. तो वाजत होता, उचलला जात नव्हता. सौरभ शेजारी बसून ग्रुपवर येणारं वाचत होता, आणि मग त्याने वाचून दाखवणं बंद केलं.

आरेतल्या रस्त्यावर झाडी दोन्ही बाजूंनी खाली झुकली होती. ऊन अजून होतं, पण रस्त्यापर्यंत पोहोचत नव्हतं. तबेल्यांचा वास येत होता. एका वळणावर बसथांबा होता आणि तिथे मोटारसायकली लावलेल्या होत्या.

दीप्ती थांब्याच्या खांबाला पाठ लावून उभी होती. तिच्याभोवती पोरांचं कडं होतं. चांगले बूट घातलेली, चांगल्या घरची पोरं. कुणी तिला हात लावत नव्हतं. कुणी शिवी देत नव्हतं. सगळ्यांनी फोन वर धरले होते आणि तेच ते विचारत होते: ठिपका कशाचा? तू टाकलास ना? सांग ना यार, मग सोडतो. ती उजवीकडे सरकली की कडं उजवीकडे सरकायचं. डावीकडे सरकली की डावीकडे. मागे फक्त झाडी होती.

बाई रिक्षेतून उतरल्या तेव्हाच त्यांना तिचा आवाज ऐकू आला. कोरडा, लहान मुलीसारखा.

"हो. मीच टाकला. कॅमेरा आहे तो. मीच टाकला. आता जाऊ द्या मला."

पोरांमधून समाधानाचा एक हुंकार उठला, आणि कडं सुटण्याऐवजी आणखी आवळलं. कोणता कॅमेरा? केवढा? अजून काय टाकलंस?

शुभाबाई ओरडल्या नाहीत. सगळ्यात जवळच्या पोराच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि विचारलं, "तुझं नाव काय रे बाळा?"

त्याने वळून पाहिलं. काहीतरी पुटपुटला आणि त्याचा फोन खाली गेला. बाईंनी पुढच्याला विचारलं. "आणि तुझं? पूर्ण नाव सांग. कोणत्या शाळेत होतास?" त्याचाही फोन खाली गेला. त्या एकेकाला विचारत गेल्या, हजेरी घ्यावी तशा, आणि ज्याला नाव विचारलं तो कड्यातून मागे सरकत गेला. दीप्तीपर्यंत पोहोचल्या तेव्हा समोर रस्ता मोकळा झाला होता.

रिक्षेत ती रडली नाही. बाईंनी आपला पदर तिच्या खांद्यावर टाकला.

चारकोप येईपर्यंत तिच्या कबुलीचा व्हिडिओ सगळीकडे गेला होता. घराशी पोहोचता पोहोचता दळवींचा फोन आला. प्रीतमने व्हिडिओ पाहिला होता. आता सोमवारपर्यंत थांबायची गरज नाही, मुलीने स्वतःच कबूल केलंय, असं तो म्हणाला होता. उद्या दुपारी तो पोलीस ठाण्यात जाणार होता.

५

रविवारी छापखाना बंद असतो. बाईंच्या सांगण्यावरून दळवींनी तो उघडला. मशीनं थंड होती आणि त्या शांततेत दळवी, मर्विन आणि धाकू तीन स्टुलांवर बसले होते. एकमेकांकडे कुणी पाहत नव्हतं.

बाई उभ्या राहूनच बोलल्या, फळ्याशी उभं राहिल्यासारख्या, सावकाश.

"फोटोतला ठिपका कमानीच्या वर आहे. मर्विन, तुम्हीच सांगितलंत, चंदेरी कमान सगळ्यात शेवटी होते. मग तिच्यावर जे काही आहे ते कार्ड तयार झाल्यानंतर आलं. कॉम्प्युटरवरच्या चित्रातून आलं असतं तर चांदीखाली गेलं असतं, आणि त्याची कड अशी रवाळ नसती, साफ असती. म्हणजे फोटो चित्राचा नाही. खऱ्या, छापून तयार झालेल्या कार्डाचा आहे. दीप्तीच्या हातात तसं कार्ड कधी आलंच नाही."

मर्विनने मान हलवली, अगदी थोडी.

"पण मोजणी पुरी होती. एकही कार्ड कमी नव्हतं. मग हे कार्ड कुठलं? जे मोजणीत धरलंच जात नाही, ते. या छापखान्यात असं एकच कार्ड असतं." त्या देव्हाऱ्याकडे वळल्या. दवाखान्याची पत्रिका अजून मूर्तीला टेकून होती आणि तिच्या कोपऱ्यावर हळदीवर कुंकू लावलेलं होतं. "कुठल्याही कामाची पहिली प्रत देवापुढे जाते. वर्षानुवर्षं जाते. ती कामाची नाही, देवाची, म्हणून तिला कुणी मोजत नाही. हळदीवर कुंकू लावलं की जवळून लाल दिसतं. अंधुक फोटोत, वर उजेड वाढवला की, नारिंगी. आणि पोरं ज्याला केबल म्हणतात ती जास्वंदीची पाकळी आहे."

मग दळवींनी तोंडावरून हात फिरवला. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, ते म्हणाले. पण एकही कार्ड मागे ठेवणार नाही असं लिहून दिलेलं. देवापुढचं कार्ड हे मागे ठेवलेलं कार्ड होतं हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. ते आपल्याला कार्ड वाटतच नाही ना. नंतर कळलं तेव्हा धाबं दणाणलं. छापखाना जाईल या भीतीने त्यांनी ते उचललं. फाडायला हात होईना, म्हणून फुलांबरोबर खाडीत सोडून दिलं.

"मलापण माहीत होतं," मर्विन म्हणाला. "बोललो असतो तर पहिलं बोट कुणाकडे गेलं असतं? त्याचा देव नाही, त्यानेच उचललं असणार. इथेच म्हणाले असते सगळे."

दळवींनी मान खाली घातली, कारण ते खरं होतं.

"तुमच्यावर माझा संशय नव्हता," बाई त्याला म्हणाल्या. "फोटो काढणारा चोरी करायला बसलेला असता, तर त्याने ठिपका पुसून फोटो काढला असता. बोटाने पुसला जातो तो. पण ज्याने काढला त्याला पुसवलं नाही. किंवा पुसावं असं त्याच्या मनातच आलं नाही. आणि त्याने तारीख घेतली नाही, जागा घेतली नाही, फोनची कंपनी कुठली ते बघितलंही नसेल. त्याने समोर उभं राहून, हात जोडावेत तसा, फक्त कमानीचा फोटो काढला. त्याला फोनशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला चित्र हवं होतं."

इथे बाई थांबल्या. पुढचं नाव त्यांच्या ओठांवर होतं. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि त्याही बसल्या, आणि वाट पाहिली.

धाकू घाडीगावकरांनी खिशातून फोन काढला आणि दोन्ही हातांनी धरून समोर ठेवला.

"मिया काढलंय फोटो," ते म्हणाले. "प्रीतमशेट गेल्यावर. फोन परत गावलो तेव्हा. गावाक लवूक धाडलंय, माझ्या चुलतभावाक. म्हटलंय, देवळात गाऱ्हाणा घाल. माझ्या चेडवान, दीप्तीन, एवढ्या मोठ्या लोकांचा काम केल्यान, तिचा नाव होवदे. देवाक दाखव, म्हटलंय."

लवूने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला, फोटो दाखवला, दीप्तीच्या नावाने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, देवाकडे मागणं मागितलं. आणि मग कौतुकाने तोच फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर शहरात राहणारी पोरंही होती. त्यातल्या कुणीतरी कोपऱ्यातलं कंपनीचं चिन्ह ओळखलं आणि आजूबाजूचं कापून फक्त कार्डाचा फोटो पुढे धाडला. पुढचं सगळ्या जगाला माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत, धाकूभाऊ?" बाईंनी विचारलं. "पोरगी मरायला टेकली आहे."

नाव फुटलं त्या दिवशी रात्री जेवताना दीप्ती म्हणाली होती, ज्याने हे केलं त्याचं तोंड मला आयुष्यात बघायचं नाही. ते ताटावर बसले होते. घास गिळला आणि उठले. त्यानंतर रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज सकाळी ती उठायच्या आत कामाला निघून यायचे.

"पोलिसांक मी नाय भियत, बाई," ते म्हणाले. "तिका भितंय."

६

दळवींनी तिथूनच प्रीतमला फोन लावला आणि सगळं सांगितलं, स्वतःचं कार्ड ठेवणंही. प्रीतमला आधी खोटं वाटलं. बापाने मुलीसाठी अंगावर घेतलं असेल, तो म्हणाला. मग धाकूंच्या फोनमधला मूळ फोटो त्याला गेला, ज्यात कार्डाच्या बाजूला देवाचं ताम्हन आणि वर गणपतीचा पाय दिसत होता. शेवटी म्हणाला की मुलीविरुद्ध तक्रार होणार नाही. छापखान्याला कंपनीचं काम मात्र आजपासून बंद, आणि वरचे लोक धाकूंच्या बाबतीत काय ठरवतील ते त्याला सांगता येणार नाही.

सौरभने दुपारीच खरं काय ते सांगणारा व्हिडिओ टाकला. ठिपका म्हणजे कुंकू, केबल म्हणजे फूल, आणि फोटो काढला तो तिच्या वडिलांनी. संध्याकाळपर्यंत त्याखाली उत्तरं साचली. काहींनी माफी मागितली. पण बरेच जण विचारत होते की कंपनी इतकी जुळवून गोष्ट का सांगतेय, नक्की काय लपवतेय, आणि हा म्हातारा खरोखर कोण आहे.

ते वाचून सौरभने बाईंना फोन केला तेव्हा त्या धाकूंबरोबर गल्लीत शिरत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन पर्समध्ये ठेवला. धाकूंना काही सांगितलं नाही.

दारापासून थोड्या अंतरावर बाई थांबल्या. इथून पुढे त्यांचं काम नव्हतं. धाकू एकटे गेले. दारावरचा ठिपका कुणीतरी घासून पाहिला होता, तो पसरून आणखी मोठा झाला होता. त्यांच्याकडे किल्ली होती, पण आतून कड्या होत्या. त्यांनी दार वाजवलं.

आत हालचाल थांबली.

"कोण आहे?" दीप्तीचा आवाज दाराजवळ नव्हता. ती खोलीच्या पार मागच्या टोकाला असणार.

एरवी ते नुसतं 'मी' म्हणाले असते आणि दार उघडलं असतं. आज त्यांनी कपाळ दाराला टेकलं आणि बंद दाराशीच बोलले. फोटो मी काढला. देवापुढच्या कार्डाचा. लवूला पाठवला, तुझ्यासाठी गाऱ्हाणं घालायला. तुझ्यावर आलं तेव्हा मला कळलं होतं आणि मी बोललो नाही. सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. गल्लीच्या टोकाला एक मोटारसायकल येऊन थांबली आणि तिच्यावरच्या पोराने खिशातून फोन काढला. तो कुणाला फोन करतोय की कशाचा फोटो घेतोय, ते बाईंना तिथून दिसेना. त्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"मला का नाही विचारलंत?" दीप्तीने आतून विचारलं. आता आवाज अगदी दाराच्या मागे होता.

"तू नको म्हटली असतीस."

धाकूंनी कपाळ दारावरून काढलं. ते पायरी उतरायला वळले होते, एक पाय खालीही गेला होता, तेव्हा खालची कडी निघाली. मग वरची.

दार वीतभर उघडलं. दीप्तीचे डोळे सुजलेले होते. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. त्यांच्या खांद्यावरून गल्लीच्या टोकाला पाहिलं, त्या मोटारसायकलीकडे. मग तिने बापाची बाही पकडली आणि त्यांना आत ओढलं.

"आत या आधी," ती म्हणाली. "कोणी बघेल तुम्हाला."